मूस दिसेनाशी होते तेव्हा

आमच्या भट्टीच्या झाकणाला कडेला एक भोक होतं, पेरूएवढं. त्यातून आत बघत बसणं हे माझं काम. सुरुवातीला आत सगळं वेगवेगळं दिसतं. काही निखारे काळपट, काही लाल, मधोमध बसवलेली मूस, म्हणजे ज्यात धातू वितळतो ते मातीचं भांडं, मुशीचा काठ, मागची भिंत. भाता चालत राहतो, रंग चढत जातो, आणि मग अशी एक घडी येते की आतलं काहीच दिसत नाही. अंधार असतो म्हणून नव्हे. उजेड तर डोळ्यांत मावत नाही इतका असतो. पण निखारा, मूस, भिंत सगळं एकाच रंगाचं होतं, पिकलेला आंबा चिरल्यावर आत असतो तसल्या, आणि कशालाच कड म्हणून उरत नाही. मूस जागच्या जागी असते आणि दिसत मात्र नाही. मी ज्यांच्या हाताखाली ओतकाम शिकत होतो त्या उस्तादांकडे या घडीसाठी एकच शब्द होता. मी भोकाशी डोळा लावून ओरडायचं, "हरवली!" आणि त्यांनी चिमटा उचलायचा.

नवा माणूस इथं हमखास चुकतो. त्याला वाटतं, मूस फुटली आणि धातू राखेत गेला. मग तो सळई घेऊन आत चाचपायला जातो आणि चांगली धड मूस खरंच फोडतो. पहिल्या वर्षी मीही फोडली. उस्तादांनी नवी मूस काढून दिली. त्यांच्या बायकोनं, मी त्यांना खाला म्हणत असे, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाल्या, "फुटली ती फुटली. भाजलं न्हाय न्हवं कुठं?" दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो. त्या दिवसापासून मला त्या घराची धास्ती बसली. इतकी चांगली माणसं आपल्याला कशी काय मिळाली, आणि ती कधी काढून घेतली जातील, ही धास्ती.

मी मूळचा वऱ्हाडचा. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. वडील नव्हते, पाऊस सलग बुडालेला, आणि मायनं मला शाळेतून काढलं. त्या वर्षी आमच्याकडच्या जत्रेत कोल्हापूरचा एक ओतारी, म्हणजे धातू ओतून वस्तू घडवणारा, बैलांच्या घंटा विकायला आला होता. त्याला मुलगा नव्हता. मायनं त्याची दोन दिवस पारख केली. घंटांची नव्हे, त्याची. तो बैलाशी कसा बोलतो, उरलेली भाकरी कुणाला देतो, हे लांबून बघितलं, आणि मग मला त्याच्या पुढ्यात उभं केलं. "याले पोटभर खायले देजा," एवढंच म्हणाली. मास्तरांनी माझं नाव हजेरीतून लगेच काढलं नाही. बरेच दिवस ते पुकारत, आणि मुलं म्हणत, "तो कोल्हापूरले गेला जी."

तो ओतारी म्हणजेच आमचे उस्ताद. ते मुसलमान, त्यांच्या चार पिढ्या मंगळवार पेठेत गेलेल्या. घरात आपसांत हिंदीवजा काहीतरी बोलत, आमच्याशी अस्सल कोल्हापुरी. मला आणल्यावर खालांनी पहिली गोष्ट केली ती ही, की शेजारच्या लिंगायत वाण्याकडे माझं जेवण लावलं. धान्य इकडून जायचं, भाकरी तिकडे व्हायची. "तुझ्या आईनं इश्वासानं दिलाय. तुझं खाणंपिणं आमच्याकडनं बाटाय नको," असं त्यांनी मला समजावलं. वाण्याची बायको कानडी मुलखातली, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणे. तिच्या ओसरीवर मी वर्षभर जेवलो. मग मला मुदतीचा ताप आला. त्या तापात खालांनी पाजलेली पेज मी प्यालो. बरा झालो आणि पुन्हा काही अव्वाकडे गेलो नाही. कुणी मला बाटवलं नाही. मीच पाट उचलून आत जाऊन बसलो.

गल्लीच्या तोंडाशी माडीवर कॉलेजातले एक शिक्षक राहायचे, पदार्थविज्ञान शिकवणारे. ते कधीमधी भट्टी बघायला येत आणि धोतर सावरून माझ्या शेजारी उकिडवे बसत. मूस हरवली की लहान मुलासारखे खूश होत. एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, असं का होतं?"

ते म्हणाले, "बंद पोकळी आहे ही. आत माती असो, कोळसा असो, पितळ असो, सगळ्यांचं उष्णतामान एकसारखं झालं की त्यातून येणारा उजेडही एकच होतो. तो कशापासून आला, ते उजेडाला बघून सांगता येत नाही. याला उष्णतेचा समतोल म्हणायचं."

"म्हणजे आतलं सगळं थांबतं?"

"छे! थांबतंय कुठलं? मुशीतसुद्धा मोजता येणार नाहीत इतके कण आहेत. प्रत्येक जण शेजाऱ्याला धडका देतोय, उष्णता देतोय, घेतोय. समतोल झाला तरी देणंघेणं चालूच असतं. फक्त जेवढं जातं तेवढंच येतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला, जणू काही घरातलंच भांडण सांगताहेत. "या असल्या पोकळीतल्या उजेडाचा हिशेब जर्मनीतल्या लोकांना काही केल्या जुळेना. शेवटी एकानं असं धरलं, की हे देणंघेणं पाण्याच्या धारेसारखं सलग होत नाही, जोंधळ्यासारखं दाण्यादाण्यानं होतं. अर्धा दाणा द्यायचा नाही, अर्धा घ्यायचा नाही. तसं धरलं आणि हिशेब जुळला. का जुळला, ते त्यालाही धड कळलेलं नाही."

जोंधळ्याचं मला पटलं. मी विचारलं, "मग त्यातला एखादा कण आधी गार होता की तापलेला, कुठून आला, हे मागाहून कळतं?"

"नाही. तो मागमूस राहतच नाही. उष्णतामान किती आहे, एवढी एकच गोष्ट शिल्लक राहते."

"विसरतो म्हणा की."

"म्हणायला हरकत नाही."

"न विसरणारं काही नसेलच का, मास्तर?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "असेलही. मला माहीत नाही. मी तरी अजून पाहिलेलं नाही." मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी हसलो आणि भाता ओढायला लागलो.

पुढं मला मिशा फुटल्या, मुशी घडवायला लागलो, साचा भरायला लागलो. वऱ्हाडाकडून येणारा एखादा व्यापारी भेटला की त्याच्या हाती मायला निरोप धाडायचो, खुशाल आहे म्हणून. जाऊन यावं असं दर वर्षी ठरवत होतो. उस्तादांचा उपकार डोक्यावर असताना काम टाकून कसं जायचं, असं मनाला सांगायचो. मनाला ते लगेच पटायचं, आणि इतक्या लगेच पटतं याचंच मला चोरट्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी मायच दारात उभी. अंबाबाईला निघालेल्या गावच्या बायकांबरोबर आगगाडीनं आली होती, आणि त्यांना देवळाच्या वाटेला लावून विचारत विचारत एकटी आमच्या गल्लीत. मी तिला ओळखलं. तिनं मात्र आधी उस्तादांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा उस्तादांकडे.

"पाय बरं," ती म्हणाली, "हा तोच काय?"

मी पाया पडलो. ती खाली बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि पाण्याचा घोटही घ्यायच्या आधी बोलली, "तुले न्यायले आली मी. तुह्या बहिणीचं लगन झालं, घरात मी एकटी हावो. आता चाल."

सगळ्यांच्या समोर बोलली. उस्ताद साचा लिंपत होते, त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी म्हणालो, "उद्या उचगावच्या देवळाची घंटा ओतायची हाय, माय. ती होऊ दे, मग बघू."

"हाय," ती हळूच म्हणाली, माझा कोल्हापुरी शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखी.

तिला अव्वाकडे उतरवलं. संध्याकाळी तिथं चुलीपाशी तिनं मला विचारलं, "तू कोठी जेवतं?"

"हितंच. अव्वाकडं."

अव्वा भाकरी थापत होती. तिला आडपडदा माहीतच नव्हता. "काय बोलतोस रे! माझ्या वसरीवर तू शेवटचा कधी जेवलास? तुझी मिशी मी आज जवळनं बघते आहे!" आणि मायकडे वळून, "काळजी करू नका हो अक्का. तिकडं बरं जेवतो. बघा की कसा झालाय!"

मायनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं अव्वाच्या हातून पीठ घेतलं आणि माझ्यासाठी भाकरी थापली. आमच्याकडची, जाड. मी ती सगळी खाल्ली. ती आता मला आवडेनाशी झाली होती, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी आणखी एक मागून घेतली. तिला ते दिसलं असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावची माणसं आली. गावची घंटा ओतायची तर घराघरातून थोडा धातू आलाच पाहिजे, अशी रीत. मोडकी पळी, चेपलेली निरांजनं, बिनझाकणाचा डबा, पोराच्या पायातले वाळे. ज्याचं त्यानं आपल्या हातानं मुशीत टाकायचं, वर उस्ताद कथील घालणार. सगळ्यांत पुढं पाटील, पटका बांधून, जणू वरातीला आलेत. मुशीवर झाकण पडलं, भाता सुरू झाला, आणि पाटील भोकाला डोळा लावून बसले. मी म्हटलं, "पाटील, डोळं भाजतील." ते म्हणाले, "गावाचा जिन्नस हाय. म्या नजर हलवायचो न्हाय."

दुपार कलली तसे ते ताडकन उठले.

"ओ उस्ताद! आमचं पितळ कुठं हाय?"

"आत हाय."

"आत काय बी न्हाय! निस्ता जाळ हाय! मगाशी भांडं दिसत हुतं, आता भांडं बी न्हाय नि काय बी न्हाय! आवो, गावाला काय तोंड दावू?" आणि कोपऱ्यात उभी असलेली सळई त्यांनी उचलली.

मी त्यांचं मनगट धरलं. पाटलाचं मनगट! पण मूस फुटली असती तर गावाचा धातू राखेत गेला असता आणि उस्तादांचं नावही. पाटील माझ्याकडे असे बघत होते की हा कोण कुठला. उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, "त्यास्नी दाव सळई घालून. मुशीपासनं लांब."

मी सळई घेतली आणि भोकातून कडेकडेनं आत सारली. "बघा, पाटील. काय दिसतंय?"

"काळं काय तर दिसतंया."

"ती सळई. बघत राहा."

"लाल व्हायली. लई लाल झाली. आता पिवळी... आरं! आरं गेली की! सळई गेली!"

मी ती बाहेर ओढली. टोक उन्हातसुद्धा लखलखत होतं. पाटलांनी हात पुढं केला, मी सळई मागं घेतली. ते मान हलवत मोठ्यानं हसायला लागले. "च्यायला, आसं व्हय! आन मी म्हंतोय उस्तादानं ढापलं!" मग काय, त्यांनी सगळ्या गावाला ओळीत उभं केलं. प्रत्येकाला गार सळई आत सारून ती हरवताना बघायची होती. मायही ओळीत आली. तिनं डोळा लावला, आणि इतर कुणापेक्षा जास्त वेळ ती तशीच वाकून राहिली.

"गार होती तवरच दिसली," ती उठून म्हणाली. पाटलांना नाही, मला.

मी चिमटा घ्यायला वळलो.

ओतणं चांगलं झालं. साचा खड्ड्यात पुरलेला होता, तो सकाळपर्यंत हलवायचा नव्हता. माणसं पांगायला लागली तेव्हा उचगावची एक म्हातारी उस्तादांपाशी घोटाळत राहिली. "बाबा, माझ्या सासूची समई टाकली म्या त्यात. ती कुठल्या अंगाला आली आसंल?"

"आक्का, ती आता समद्या घंटंत हाय."

"म्हंजी कुटंच न्हाय की रं!"

सगळे हसले, उस्तादही. माय हसली नाही. मी मायकडे बघत होतो, म्हणून मीही हसलो नाही.

सकाळी तिनं मला बाजूला सारलं आणि सरळ खालांच्या अंगणात गेली. मला वाटलं, आता जेवणावरून काहीतरी बोलणार. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "बाई, याले काय आवडते?"

खाला गोंधळल्या. "मेथीची भाजी. लसूण लई लागतंय. दूध न्हाय आवडत."

"लहानपणी दूधच मागे," माय म्हणाली. पदर सारखा करून पुढं बोलली, "मी याले घेऊन जाऊ काय?"

"तुमचं लेकरू. मला काय इच्यारता?" खाला म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ होत राहिला.

उस्ताद साच्याची माती खरवडत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "जा की. तुझी आई हाय ती. हितलं मी बघतो. तू माझं काय बी लागत न्हाईस. पोटाला घातलं म्हणशील तर तू काम केलंयस, फिटलं ते कवाच."

मी वर्षानुवर्षं पुढं केलेलं कारण त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं. उपकाराची दोरी आहे, म्हणून मी बांधलेला आहे, असं मी समजत होतो. दोरीच नव्हती. मला तिथून कुणी अडवत नव्हतं. मला जायचंच नव्हतं. माय दहा हातांवर बसली होती आणि मला लख्ख कळत होतं, की मला ही गल्ली पाहिजे, भट्टीचा हा वास पाहिजे, खालांची भाकरी पाहिजे, आणि माय सुखात असावी, पण लांब. असलं माणसाला वाटू तरी कसं शकतं? मला वाटत होतं.

स्टेशनावर मी तिचं गाठोडं घेऊन गेलो. गावच्या बायका आधीच डब्यात चढून जागा धरून बसल्या होत्या. माय डब्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तं येतं काय?"

मी आमच्या वऱ्हाडी बोलीत सांगायचं ठरवलं होतं. तिला बरं वाटेल असं, पुढच्या सालचा वायदा करून. तोंडातून निघालं, "न्हाय, माय. मी न्हाय येत."

"बरं," ती म्हणाली. रडली नाही. पायरी उंच होती, मी हात दिला, तो तिनं धरला. खिडकीशी बसली. आतल्या एका बाईनं विचारलं, "काहून वो, पोट्टं नाही येत?"

मायनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघतच तिला उत्तर दिलं.

"ते तर तयारच होतं वो. मालक सोडत नाही. मुसलमान मालक हाये, लय कडक. पोट्टं रडून रायलं तं पाय."

सगळ्या बायकांनी वाकून माझ्याकडे बघितलं. कुणीतरी चुकचुकलं. कुणी म्हणालं, "असेच असते बाप्पा ते लोक." मी बोलायला पाहिजे होतं. गाडी उभीच होती, वेळही होता. परवापासून तिनं त्या घरातलं सगळं बघितलं होतं, उस्तादांचं बोलणं तिच्या कानांनी ऐकलं होतं. तिला खरं काय ते माझ्याइतकंच माहीत होतं. गावात मला तोंड राहावं म्हणून ती हे बोलत होती, आणि त्यासाठी तिला उस्तादांशिवाय दुसरं कुणी सापडलं नव्हतं. मी खोटं पाडलं असतं तर चार बायकांत तिचा मुलगा आईला टाकणारा ठरला असता, आणि तिला तेच नको होतं. मी मान खाली घातली. रडणाऱ्या माणसासारखीच दिसली असणार ती. गाडी हलली.

परत आलो तेव्हा उस्तादांनी घंटा साच्यातून मोकळी केली होती आणि मांडीवर आडवी घेऊन तिची कड कानशीनं घासत होते.

"बसवलंस गाडीत?"

"व्हय."

"जागा मिळाली?"

"खिडकीशी."

त्यांनी घंटा मांडीवर थोडी फिरवली. मग वर न बघता, जरा लाजल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "आमच्याबद्दल काय म्हणली का रं?"

"चांगलं म्हणली," मी म्हणालो. "लई चांगली माणसं हाईत म्हणली."

त्यांचा चेहरा उजळला. कानस खाली ठेवून ते घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस का गं?"